चुकामूक

श्रोतेहो, नमस्कार.

मृत्यूनंतरचे विधी आपल्या नाशिककरांना नवे नाहीत. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे अस्थींचा कलश घेऊन रामकुंडावर येतात, गंगेवर दहावे होतात, पिंडाला कावळा शिवेपर्यंत नातेवाईक उन्हात ताटकळत उभे राहतात, आणि तो शिवला की गेलेल्याची काही इच्छा मागे राहिली नाही असे मानून सगळे थोड्या हलक्या मनाने घराकडे वळतात. मी पंचवटीतच वाढले, त्यामुळे हे सारे लहानपणापासून रोजच्या रस्त्यावर पाहत आले. दुःखाला दिवस ठरवून दिलेले असतात, भेटायला येणारी माणसे असतात, आणि तेराव्या दिवशी गोडाचा घास घेऊन पुन्हा माणसांत यायचे असते, ही व्यवस्था किती शहाणपणाची आहे, हे मला पन्नाशीत कळले. कारण माझे जे गेले, त्याला यातले काहीच लागू नव्हते. माझी मैत्री गेली होती. मैत्रीण हयात होती, आजही आहे, माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर राहते.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आमची गाठ पडली आणि पुढे एकतीस वर्षे ती टिकली. तिचे हसणे म्हणजे नारोशंकराची घंटा, असे माझे वडील म्हणत. ती दारात आली की मागच्या अंगणात कळे. दोघींची लग्ने झाली, मुले झाली, सासू-सासऱ्यांची आजारपणे झाली. संध्याकाळी सहाला गोदाघाटावर फिरायला जाण्याचा आमचा नेम मात्र फारसा मोडला नाही. नवऱ्याला सांगता येत नाही आणि आईला सांगवत नाही, असे बायकांचे पुष्कळ असते. ते सगळे आम्ही त्या घाटावर बोलून टाकले.

मैत्री तुटली, त्यात माझा दोष होता, हे मी आधीच सांगते, नाहीतर पुढचे बोलण्याचा मला अधिकार राहणार नाही. तिच्या मुलीने दुसऱ्या जातीतला मुलगा पसंत केला होता आणि घरात त्याला ठाम नकार होता. मुलगी माझ्याकडे आली. १९५४च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयाच्या फलकावर लागते, तीस दिवस हरकतीची वाट पाहावी लागते आणि मग तीन साक्षीदारांसमोर लग्न होते. त्या तिघांपैकी एक मी झाले. मुलगी सज्ञान होती, मुलगा चांगला होता, आणि त्या सहीचा मला आजही पश्चात्ताप नाही. मात्र त्या तीस दिवसांत रोज संध्याकाळी आम्ही घाटावर भेटत होतो, चारदा तर मी तिच्या घरी चहा घेतला होता, आणि मी एका शब्दाने काही बोलले नव्हते. लग्नानंतर तिने मला घरी बोलावून एवढेच सांगितले, "तू सही केलीस, याचं मला एवढं दुःख नाही गं. महिनाभर माझ्या ओट्याशी बसून चहा प्यायलीस, याचं आहे." त्या दिवसानंतर आम्ही बोललेलो नाही. वर्षाच्या आत मायलेकींचे जुळले, नातू झाला, जावई आता हक्काने घरी जेवतो. बाहेर राहिले ती एकटी मी.

दोन-तीनदा मी पत्र लिहिले, एकदा दिवाळीचा फराळ घेऊन गेले. फराळ तिने परत केला नाही, उलट डब्यात साखर घालून तो मुलाच्या हाती पाठवला, कारण रिकामा डबा पाठवू नये ही तिच्या घरची रीत; पण सोबत चिठ्ठी नव्हती. सराफ बाजारात एकदा समोरासमोर आलो, तेव्हा ती दुकानाच्या काचेकडे वळून उभी राहिली. ती रागावलेली दिसली असती तर बरे वाटले असते. ती थकलेली दिसली.

पावसाळ्यात पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. माझ्या आत किती पाणी चढले आहे, हे पाहायला असा मारुती नव्हता. घरच्यांना वाटले, दोघींचे भांडण झाले आहे, मिटेल. शेजारणी म्हणाल्या, या वयात मैत्रिणीसाठी काय रडतेस, नातवंडांचे दिवस आले. हे त्यांनी प्रेमानेच म्हटले, तरी नवरा गेला, भाऊ गेला, तर बाई रडू शकते आणि मैत्रीण गेली तर तिने रडण्याचीही लाज बाळगावी, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात मी गेले, ते भक्तीने गेले असे म्हणणे खोटे होईल. संध्याकाळचे सहा वाजले की काय करावे ते सुचत नसे आणि हरिपाठ नेमका त्याच वेळी असे. पहिले काही महिने मी नुसती टाळ धरून बसत होते. कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांच्या समाधीचा दिवस असतो. त्या दिवशी मंडळात नामदेवांचे समाधीचे अभंग वाचतात. १२९६मध्ये आळंदीला ज्ञानदेव समाधीला निघाले, तेव्हा त्यांचा हात धरून नेणाऱ्यांत निवृत्तीनाथ होते: थोरले भाऊ आणि गुरूही. आणि शिळा बसल्यावर तेच निवृत्तीनाथ कोलमडले. बांधलेल्या तळ्याचा बांध फुटावा, पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ पांगावे, तसे झाले, असे ते अभंग सांगतात. ज्याने धाकट्या भावाला सगळे ज्ञान दिले, त्याला त्या ज्ञानाने रडण्यापासून वाचवले नाही. आणि हे लिहून ठेवणारे नामदेव काही तिऱ्हाईत नव्हते. ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रा केलेला तो त्यांचा सोबती होता. त्या संध्याकाळी मी टाळ खाली ठेवून मोकळेपणाने रडले आणि मंडळातल्या एकीनेही कारण विचारले नाही. मला वाटते, माझ्या मैत्रीचा दहावा त्या दिवशी झाला.

मंडळात शेवटी पसायदान होते. नेवाशाला शके १२१२मध्ये, म्हणजे १२९०मध्ये, ज्ञानेश्वरी पूर्ण करताना मागितलेले हे दान आपण शाळेपासून इतक्या वेळा म्हटलेले असते की त्यातले शब्द कानांवरून घसरून जातात. 'खळांची व्यंकटी सांडो' ही ओळ आली की पहिले वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर तिचा वळलेला चेहरा येत असे, हे कबूल करायला हवे. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. मग एके दिवशी, कोणत्याही विशेष कारणाशिवाय, त्याच ओळीला मला तिचा ओटा दिसला, चहाचा कप दिसला, आणि त्या कपामागे गप्प बसलेली मी दिसले. त्यापुढचे शब्द आहेत, 'भूतां परस्परे पडो मैत्र जीवाचें'. मैत्र जोडो किंवा करो, असे नाही. पडो, असे आहे. पाऊस पडावा, ऊन पडावे, तसे. एकतीस वर्षे आम्ही दोघींनी मोठ्या कष्टाने मैत्री राखली, असा माझा अभिमान होता, आणि म्हणूनच ती गेल्यावर कोणीतरी माझे लुबाडून नेले असे वाटत होते. जे मागितल्यावर मिळते, त्याचा ताबा सांगता येत नाही. हे समजल्यावर दुःख गेले नाही, पण त्यातला फणकारा गेला. आता देवापुढे दिवा लावताना मी तिचे नाव घेते. तिने परत यावे असे मागत नाही. तिच्या गुडघ्याचे दुखणे कमी होवो, एवढेच म्हणते. गुडघे अजून दुखतात का, हेही मला ठाऊक नाही.

आम्हा दोघींचा आणखी एक नेम होता. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी. रविवारी रात्री एसटीने त्र्यंबकला जायचे, कुशावर्तात स्नान करायचे आणि गर्दीबरोबर अंधारातून, चिखलातून चालू लागायचे. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, गंगाद्वाराला दिसते आणि मग पुन्हा कुशावर्तात प्रकटते, असे मानतात. मधल्या वाटेत ती दिसत नाही. माझ्या एका नातेवाईकाने याच दाखल्यावरून मला समजावले होते की मैत्रीही अशीच पुन्हा प्रकट होईल. हेतू चांगला होता, तरी मला असे सांत्वन नको वाटते. कारण नदीला खाली उतरावेच लागते, माणसाला मात्र वर तसेच बसून राहता येते. मला त्या डोंगराची दुसरी कथा जवळची वाटते. विठ्ठलपंत बायकामुलांसह हीच प्रदक्षिणा करीत असता वाघ आला, पळापळ झाली आणि निवृत्ती घरच्यांपासून चुकला. अंधारात तो ज्या गुहेत शिरला, तिथे त्याला गहिनीनाथ भेटले. वारकऱ्यांच्या घरात ही गोष्ट गुरू भेटल्याची म्हणून सांगतात आणि ते खरेच आहे. मी मात्र त्या फेरीवर चालताना नेहमी त्या आईचा विचार करते, जिला गुहेतले काहीच माहीत नव्हते आणि जी रानात हाका मारत राहिली असेल.

या श्रावणात मी फेरीला एकटीच गेले. तिच्याविना ही तिसरी फेरी. सोमवारचा उपवास म्हणून राजगिऱ्याचे लाडू घेतले आणि सवयीने दोन पुडे घेतले. पहाटे पावसाची सर आली तेव्हा एका झाडाखाली थांबले. शेजारी एक आजी उभ्या होत्या, अनवाणी, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ घेतलेली. दुसरा पुडा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, दुसऱ्या हातातल्या पुड्याकडे पाहिले आणि विचारले, "जोडीदारीण कुठंय तुझी, बाई?"

"येते आहे मागून," मी म्हणाले.

खोटे बोलले का, ते मला अजून ठरवता आलेले नाही. आजींनी मान हलवली, लाडू कपाळाला लावून तोंडात टाकला आणि पाऊस थांबण्याची वाट न पाहता पुढे निघाल्या; मीही त्यांच्या मागोमाग निघाले.

नमस्कार.