सेट: एक शब्द, दोन घराणी

नमस्कार श्रोतेहो. आज एका चिमुकल्या इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचंय. शब्द आहे ‘सेट’. 1989 साली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा या एकट्या क्रियापदाचे चारशेहून अधिक अर्थ त्यात दिले होते. इंग्रजी शिकणाऱ्याला धडकी भरावी असाच आकडा.

पण मराठी माणसानं घाबरू नये, असं मला मनापासून वाटतं. या कुलपाची किल्ली आपल्याकडे आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. मुळातलं नातं एवढंच.

आता बघा. सोनार अंगठीत हिरा सेट करतो, म्हणजे बसवतो. खडा अलगद घरात ठेवायचा, भोवतीचे सोन्याचे काटे एकेक करून त्यावर दाबायचे, मग बोटानं हलवून पाहायचा. हलला नाही, की बसला. डॉक्टर मोडलेलं हाड सेट करतात, तेही बसवणंच. बसलेली गोष्ट हलत नाही. म्हणून ठरलेली तारीख, लावलेला गजर, घट्ट झालेलं सिमेंट, सगळ्यांना सेट चालतो. आणि बसणं म्हणजे खाली जाणंही. आपला नाही का आवाज बसतो? तसा इंग्रजीत सूर्य सेट होतो.

‘सेट ऑफ’ला मात्र ही किल्ली लागत नाही. प्रवासाला निघणं, फटाका उडवणं, हिशेबातली वजावट, सगळं सेट ऑफ! ते सरळ पाठ करावं.

आणि कपांचा सेट? गणितातला सेट, म्हणजे संच? तिथे काय बसवलंय? काहीच नाही, कारण तो शब्दच मुळात वेगळा. लॅटिनमध्ये ‘सेक्टा’ म्हणजे अनुयायांचा गट. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि बसवणाऱ्या सेटमध्ये असा मिसळला, की आज दोघांचं स्पेलिंगही एकच.

मला सर्वांत आनंद होतो तो यापुढच्या गोष्टीचा. बसवणारा ‘सेट’ आणि संस्कृतातला ‘सद्’ धातू, म्हणजे बसणे, हे एकाच प्राचीन मुळाचे. त्याच ‘सद्’पासून आपले सदन, परिषद आणि संसद हे शब्द झाले. ‘सेक्टा’च्या मुळाशी आहे मागोमाग जाणं. त्याचा संस्कृतातला भाऊ ‘सच्’, सोबत असणे. त्यापासून झाला आपला सचिव.