तबेल्यातले वडील

दक्षिण कोरियाच्या नैऋत्य भागात, गिमजेजवळ, मोआक डोंगराच्या पायथ्याशी ही बैठी लाकडी वास्तू उभी आहे. गुमसानचं प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांमधल्या एका पंथाचं चर्च. बांधकाम 1908 सालचं. मंडळी, म्हणजे इथला भाविकांचा समुदाय, मात्र त्याच्या तीन वर्षं आधीपासून जमत होती, गावातल्या एका सधन गृहस्थाच्या घरी.

त्यांचं नाव चो दॉक-साम. त्यांच्याकडे घोड्यांची निगा राखायला यी जाइक नावाचा तरुण होता. आईवडील लहानपणीच गेलेले, पोटासाठी दक्षिणेतल्या नामहे बेटावरून इकडे आलेला. मालकाच्या मुलाचे धडे बाहेरून कानावर पडत, ते त्याला तोंडपाठ झाले होते, असं सांगतात. चोंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी त्याच्या शिकण्याला आडकाठी केली नाही.

या घराशी लुईस टेट या अमेरिकन मिशनऱ्यांची ओळख झाली. ते जॉन्जूहून घोड्यावर बसून गावोगाव फिरत. 1905 मध्ये टेट यांच्या हातून मालक आणि नोकर या दोघांचाही बाप्तिस्मा झाला.

नवी मंडळी उभी राहिली की पहिला प्रश्न येतो कारभाराचा. प्रेस्बिटेरियन पद्धतीत वरून नेमलेला बिशप नसतो. मंडळीचे सभासद आपल्यातूनच ‘वडील’, म्हणजे मंडळीचे जाणते पुढारी, निवडतात आणि ते पाळकाच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूच्या, बरोबरीनं बसून कारभार पाहतात. कुणाला सभासद करून घ्यायचं, कुणाला समज द्यायची, प्रभुभोजनाला कोण बसेल, हे सगळं एकत्र बसून ठरतं. आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील मिळून प्रेस्बिटरी होते, तिच्या वर महासभा. पाळकाला एकट्याच्या मर्जीनं काही करता येत नाही, आणि माझ्या मते या पद्धतीचं खरं बळ तिथेच आहे.

गुमसानमध्ये वडील निवडायची वेळ आली तेव्हा दोन नावं पुढे होती. एक चो दॉक-साम आणि दुसरे त्यांच्याच घोड्यांची देखभाल करणारे यी जाइक. कोरियात जन्मावर ठरणारी उच्चनीचता 1894 च्या सुधारणांनी कायद्यातून काढून टाकली होती, पण गावातली माणसं कायदा बघून मान देत नव्हती. मंडळी जमायची तीही चोंच्याच घरात. निकाल काय लागणार, याची कुणाला शंका नसावी.

निवडून आले यी जाइक.

मंडळीत आजही सांगतात, की सगळे अवघडून बसलेले असताना चो स्वतः उठले. ही देवाची इच्छा आहे, यींची श्रद्धा माझ्याहून मोठी आहे, मी त्यांच्या हाताखाली सेवा करीन, असं ते म्हणाले. टेट गावात नसत तेव्हा उपदेश यी करायचे आणि मालक खाली जमिनीवर बसून ऐकायचे. दिवस उजाडला की पुन्हा एक मालक, दुसरा नोकर. हे दोघांनी रोज कसं निभावलं असेल, याचा विचार केला की मला त्या मतदानापेक्षा पुढचे दिवस जास्त अवघड वाटतात.

आता या मंडळीचा विश्वास काय होता ते पाहू. सप्टेंबर 1907 मध्ये प्योंगयांगला कोरियाची स्वतंत्र प्रेस्बिटरी स्थापन झाली आणि तिनं बारा कलमांचा विश्वासनामा, म्हणजे आपण काय मानतो याचं लेखी निवेदन, स्वीकारला. तो आला होता भारतातून! इथल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी 1904 मध्ये एकत्र येताना तो मान्य केला होता. मिरजेच्या वॉन्लेस रुग्णालयामुळे प्रेस्बिटेरियन हे नाव आपल्याकडे अनेकांच्या कानावर आहे, पण भारतातून कोरियात गेलेल्या या बारा कलमांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पवित्र शास्त्र हाच श्रद्धेचा आणि आचरणाचा अचूक नियम, एकच देव, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, आणि तारण केवळ ख्रिस्ताच्या कृपेनं, ही त्यातली मुख्य सूत्रं. पाचव्या कलमात मनुष्याच्या निर्मितीबद्दल लिहिताना म्हटलंय, की सर्व माणसांचं मूळ एकच आहे आणि ती एकमेकांची भावंडं आहेत. जातीपातीच्या देशात मान्य झालेलं हे वाक्य कोरियातल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांचंही झालं.

चर्चच्या आत चला. इमारत काटकोनात वळलेली आहे. एका पाखात पुरुष, दुसऱ्या पाखात बायका. मध्ये पडदा असायचा. व्यासपीठ बरोबर कोपऱ्यात, म्हणजे उपदेशकाला दोन्ही बाजू दिसाव्यात आणि पुरुष व बायका यांना एकमेकांचं दर्शन होऊ नये. वर तुळईकडे पाहा: पुरुषांच्या बाजूची वचनं चिनी अक्षरांत आहेत, बायकांच्या बाजूची हंगुल या कोरियन लिपीत, कारण बायकांना वाचता येणारी लिपी तीच. बायकांना वाचता यावं याची काळजी इथे घेतली गेली, वडीलपद मात्र त्यांना तेव्हा मिळू शकत नव्हतं. पाचवं कलम तिथवर पोचलं नाही, हेही या वास्तूत स्पष्ट दिसतं.

यींना प्योंगयांगच्या धर्मशिक्षण विद्यालयात पाठवायचं ठरलं तेव्हा खर्च चोंनी उचलला. यी 1915 मध्ये तिथून बाहेर पडले. तोवर चोही वडील म्हणून निवडले गेले होते, आणि गुमसानचे पाळक म्हणून यींना बोलावून आणण्यात त्यांनीच पुढाकार घेतला. पुढे यी जाइक 1924, 1947 आणि 1948 अशा तीन वेळा कोरियाच्या प्रेस्बिटेरियन महासभेचे अध्यक्ष झाले. 1908 ची ही इमारत 1997 पासून प्रांताच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे.