घर बघण्याआधी टाकीची फाइल बघा

नमस्कार मंडळी.

मार्च संपत आला की आपल्या मॅसॅच्युसेट्समध्ये घरं बघायचा हंगाम सुरू होतो. बॉस्टनच्या पश्चिमेला सडबरी, कार्लाइल, वेस्टफर्ड, ऍक्टन या गावांमधून रविवारी दुपारी आपली मराठी जोडपी हातात माहितीचे कागद घेऊन फिरताना दिसतात. शाळा कशी आहे, ऑफिस किती लांब, स्वयंपाकघरात उजेड येतो का, देवघर कुठे करता येईल, सगळं बारकाईने विचारतात. बारा वर्षांपूर्वी आम्हीही असंच विचारलं होतं. अंगणातल्या हिरवळीखाली काय पुरलंय, हे मात्र विचारलं नाही.

आमच्या घराच्या जाहिरातीत पाच बेडरूम लिहिल्या होत्या. वरती चार, आणि खाली जिन्याशेजारी एक. ती खालची खोली बघितल्या बघितल्या मी मनात आईला देऊन टाकली. बाबा गेल्यावर आई कायमची इकडे येणार होती आणि तिच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. घर घेतलं, आणि दोन वर्षांनी आई यायची ठरली तेव्हा त्या खोलीला लागून न्हाणीघर बांधायला परवानगी मागितली. अर्ज बांधकाम विभागातून बोर्ड ऑफ हेल्थकडे, म्हणजे गावाच्या आरोग्य मंडळाकडे गेला. तिथल्या एजंटने एक जुनी पिवळट फाइल काढली, नकाशा टेबलावर पसरला आणि सांगितलं, ‘तुमची सेप्टिक यंत्रणा, म्हणजे अंगणात पुरलेली सांडपाण्याची टाकी आणि नळ्या, चार बेडरूमची आहे. रोजचे ४४० गॅलन सांडपाणी. पाचवी बेडरूम या घराला कधी मंजूरच झालेली नाही.’

जाहिरात करणाऱ्यांनी ती फाइल उघडली नव्हती, हे खरं. पण ती सगळ्यांसाठी खुली असते. टाउन हॉलमध्ये जाऊन आम्हालाही बघता आली असती. म्हणून आज हा विषय घेऊन तुमच्याशी बोलायला बसले आहे.

ज्यांच्या गावात गटारव्यवस्था आहे, त्यांना याचा काही पत्ता नसतो. पण सडबरीला किंवा कार्लाइलला गावाचं सार्वजनिक गटार नाही. तिथे प्रत्येक घराचं सांडपाणी त्याच घराच्या आवारात जिरतं. घरातून एक पाइप जमिनीखालच्या काँक्रीटच्या टाकीत जातो. नवी टाकी कमीत कमी १,५०० गॅलनची लागते. टाकीत मैला तळाशी बसतो, तेल-तूप आणि हलका कचरा वर सायीसारखा धरतो, आणि मधलं पाणी पुढच्या एका छोट्या पेटीत जाऊन तिथून खडीत पुरलेल्या भोकांच्या नळ्यांमध्ये वाटलं जातं. तिथून ते मातीत झिरपतं. टाकी फक्त गाळ अडवते. जंतू मारण्याचं खरं काम नळ्यांखालची माती करते, आणि त्यासाठी तिला कोरडं राहावं लागतं, श्वास घ्यायला हवा लागते.

या सगळ्याचा राज्याचा कायदा आहे, त्याला इथे सरसकट टायटल फाइव्ह म्हणतात. हा कायदा घरात माणसं किती हे मोजत नाही, बेडरूम मोजतो. प्रत्येक बेडरूममागे दिवसाला ११० गॅलन. मला आधी हे विचित्र वाटलं होतं. आमच्या घरात तर माणसंच चार! पण घर आमच्यानंतरही उभं राहणार, त्यात उद्या कोण राहील हे कुणाला ठाऊक. खोल्या तेवढ्या राहतात, म्हणून हिशोब खोल्यांचा. बेडरूम कशाला म्हणायचं हेही लिहिलेलं आहे: आडोसा असलेली, झोपण्यासाठी योग्य, कमीत कमी ७० चौरस फूट, खिडकी असलेली खोली. तुम्ही तिला स्टडी म्हणा नाहीतर पूजेची खोली म्हणा. आणि घरात न्हाणीघरं, बोळ, न सजवलेलं तळघर वगळून आठापेक्षा जास्त खोल्या असतील तर एकूण खोल्यांच्या निम्म्या बेडरूम धरतात. तळघर सजवून पाहुण्यांची खोली काढायची हौस आपल्या प्रत्येक घरात असते, म्हणून हा नियम मुद्दाम सांगते.

मग आम्ही विचारलं, यंत्रणा मोठी करता येईल का? त्यासाठी मातीची तपासणी करावी लागते. एप्रिलमधली ती सकाळ मला अजून स्पष्ट आठवते. जेसीबीसारख्या यंत्राने मागच्या अंगणात माणूस बुडेल एवढा खड्डा खणला. परवाना असलेला माती-तपासनीस त्यात उतरला आणि गावाचा एजंट काठावर उभा राहिला. त्याच्या देखतच चाचणी व्हावी लागते. तपासनीसाने भिंतीतली माती चिमटीत घेऊन चुरली, पाण्याचा थेंब टाकून मळली, रंगांच्या तक्त्याशी धरून पाहिली. मग मला खाली बोट दाखवून म्हणाला, ‘हे ठिपके दिसतात?’ राखाडी मातीत गंजासारखे तांबूस ठिपके होते. खड्डा तर कोरडा होता. पण ओल्या वर्षी जमिनीतलं पाणी त्या पातळीपर्यंत चढतं, आणि तिथल्या लोखंडावर आपली खूण ठेवून जातं. आमच्याकडे ती खूण होती साधारण ३८ इंचांवर. कायदा सांगतो की सांडपाणी जिथे जिरतं त्याच्या तळापासून भूजलाच्या सगळ्यात वरच्या पातळीपर्यंत निदान ४ फूट माती हवी, आणि माती भुरभुरीत रेताड असेल तर ५ फूट. म्हणजे बाहेरून माती आणून अंगणात उंचवटा करायचा आणि त्यावर सगळं बसवायचं. पुढची चाचणी साधी होती. एक लहान भोक, त्यात पाणी, आणि ते ९ इंचांवरून ६ इंचांवर उतरायला किती मिनिटं लागतात हे घड्याळ लावून बघणं. दोघे जण गप्प उभे राहून पाणी उतरण्याची वाट बघत होते. एवढ्या लक्षपूर्वक कुणी माझ्या अंगणाकडे पाहिलेलं नव्हतं.

खर्चाचा अंदाज आला तो आम्हाला परवडणारा नव्हता. मी एजंटवर चिडले, हे कबूल करते. त्याने शांतपणे नकाशावर शेजाऱ्यांची विहीर दाखवली. शेजारी दोन घरं बोअरचं पाणी पितात. खाजगी विहिरीपासून ही जिरण्याची जागा १०० फूट दूर हवी. सांडपाण्यातून झिरपणाऱ्या नायट्रेट या क्षाराची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे, आणि ती ओलांडली तर पहिला धोका असतो बाटलीतलं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना. त्यातल्या एका घरात तेव्हा तान्हं बाळ होतं. मग मला रागावता येईना.

आता हे बोर्ड म्हणजे कोण? मॅसॅच्युसेट्समध्ये ३५१ शहरं आणि गावं आहेत, आणि आरोग्याचा कारभार ज्याचा त्याचा आहे. लहान गावात बोर्डावर बहुधा तीन माणसं असतात, कुठे निवडून आलेली, कुठे नेमलेली. कुणी निवृत्त परिचारिका असते, कुणी इंजिनिअर. ही परंपरा जुनी आहे. बॉस्टनने १७९९ मध्ये आरोग्य मंडळ स्थापन केलं तेव्हा त्याचा पहिला अध्यक्ष होता पॉल रिव्हियर, तोच अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीला रात्री घोड्यावरून दौडत इशारा द्यायला गेलेला चांदीकाम करणारा. आजही कायद्याने गावाच्या बोर्डाला राज्यापेक्षा कडक नियम करता येतात. म्हणून एका गावात चालतं ते शेजारच्या गावात चालेलच असं नाही. सभा संध्याकाळी होतात, कुणीही जाऊन बसावं, बोलावं. नियमात सूट हवी असेल तर तिथेच मागायची, आणि शेजाऱ्यांना आधी नोटीस द्यायची. आमच्या सुनावणीला चार माणसं होती. त्यात मराठी आम्हीच. आपण एवढी मंडळी या गावांमध्ये राहतो, मग त्या खुर्च्यांवर आपण का दिसत नाही, हे मला तेव्हापासून सलतं.

घर विकत घेणाऱ्यांनी पुढचं नीट ऐकावं. १९९५ पासून नियम आहे की घर विकताना सेप्टिकची तपासणी झालीच पाहिजे. ती विक्रीच्या आधीच्या दोन वर्षांतली चालते, आणि दरवर्षी टाकी उपसल्याच्या पावत्या असतील तर तीन वर्षांतली. अहवालाची प्रत बोर्डाकडे जाते. घरात पाणी उलटतंय, अंगणात सांडपाणी वर येऊन साचलंय, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा टाकी उपसावी लागली, अशा कारणांनी यंत्रणा नापास होते. नापास झाली तरी घर विकायला बंदी नाही. पण सहसा दोन वर्षांत ती सुधारून घ्यावी लागते, आणि तो खर्च कुणी करायचा हे विकणारा आणि घेणारा यांनी ठरवायचं असतं. तीस हजार डॉलर हा आकडा आता नवलाचा राहिलेला नाही. तेव्हा सही करण्याआधी ठरवा. राहत्या घराची नापास यंत्रणा बदलली तर राज्याच्या आयकरात सवलत मिळते. २०२३ पासून ती खर्चाच्या ६० टक्के, जास्तीत जास्त १८,००० डॉलर, आणि वर्षाला ४,००० पर्यंत अशी आहे. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.

आणि लक्षात ठेवा, ‘पास’ म्हणजे यंत्रणा चालते आहे, एवढंच. ती किती बेडरूमची हे त्या एका शब्दात कळत नाही. आमची पास होती.

भाड्याने राहणाऱ्यांसाठीही थोडं सांगते, कारण आपली तरुण मुलं इथे पहिली काही वर्षं भाड्यानेच राहतात आणि घरमालकाला घाबरून गप्प बसतात. राज्याची एक गृह-आरोग्य संहिता आहे, आणि ती राबवतं तेच बोर्ड. १५ सप्टेंबरपासून सगळा थंडीचा हंगाम घरात दिवसा ६८ अंश फॅरनहाइट आणि रात्री ६४ अंश ऊब मिळालीच पाहिजे. एका खोलीत एक माणूस झोपत असेल तर ७० चौरस फूट, जास्त असतील तर माणशी ५०. संडास तुंबला, मैलापाणी तळघरात आलं, उंदीर झाले, आणि मालक दाद देत नाही, तर बोर्डाला फोन करा. निरीक्षक घरी येतो, लेखी अहवाल देतो, मालकाला मुदत घालून देतो. तक्रार केली म्हणून घराबाहेर काढणं हे सूड उगवणं धरलं जातं आणि कायदा भाडेकरूच्या बाजूने उभा राहतो. व्हिसाचा याच्याशी काही संबंध नाही. तो फोन करायला कचरू नका.

केप कॉडला सुट्टीत सगळेच जातात. तिथल्या खाड्यांमध्ये शेवाळ माजतं आणि समुद्री गवत मरतं, त्यामागे मोठं कारण म्हणजे घराघरांतल्या सेप्टिकमधून रेताड जमिनीतून झिरपणारा नायट्रोजन. साधी टाकी तो फारसा अडवत नाही. म्हणून २०२३ मध्ये राज्याने तिथल्यासाठी नियम कडक केले. तिथे घर घ्यायचा विचार असेल तर गावाच्या बोर्डाला आधी विचारा.

राहिलं आपलं स्वयंपाकघर. दिवाळीत चकल्या तळल्यावर कढईतलं तेल सिंकमध्ये ओतू नका. तवंगाचा थर जाड होतो, तो पुढे सरकला की नळ्यांची भोकं बुजतात, आणि बुजलेली जिरण्याची जागा पुन्हा मोकळी होणं कठीण. तेल गार करून डब्यात भरा आणि कचऱ्यात टाका. सिंकखाली कचरा दळायचं यंत्र असेल तर ते वापरणं बंद करा. नारळाचा चव, डाळीची सालं, उरलेला भात, सगळं टाकीत जाऊन गाळ होतं. टाकी दर तीन वर्षांनी उपसून घ्या, आणि टँकरवाला आला की बाहेर येऊन उभे राहा, त्याला विचारा गाळ किती होता. पावती जपून ठेवा. गणपतीला पन्नास माणसं जेवायला असतील तर त्या दिवशी कपड्यांचं मशीन लावू नका.

आमचं काय झालं ते सांगते. तो एजंटच मार्ग सुचवून गेला. वरच्या एका खोलीचं दार काढायचं, चौकट पाच फूट रुंद करायची, म्हणजे आडोसा राहत नाही आणि ती बेडरूम मोजली जात नाही. घराच्या खरेदीखतावर चार बेडरूमची नोंद करायची. मग खालची खोली आईची. बोर्डाने ते मान्य केलं. मुलगा थोडे दिवस रुसला, त्याचीच खोली होती ती, पण मग धाकटीबरोबर राहायला लागला.

आई आली तेव्हा मी तिला हा सगळा प्रकार सांगितला. मला वाटलं ती म्हणेल, काय हा व्याप! ती खिडकीतून अंगणाकडे बघत होती. तिच्या माहेरच्या परसात मोरीचं पाणी अळूला आणि केळीला जायचं, आणि विहीर असायची वरच्या अंगाला. आजोबा कुणाला विहिरीच्या वर चूळसुद्धा भरू द्यायचे नाहीत. तिने विचारलं, ‘शेजाऱ्यांची विहीर कुठल्या बाजूला आहे?’ मी बोट दाखवलं. ‘आणि उतार?’

उतार मला ठाऊक नव्हता. संध्याकाळी आम्ही दोघी हळूहळू अंगणभर चालून तो बघून आलो.