शोकाच्या दिवसांत प्रार्थना

श्रोतेहो, नमस्कार, जय ख्रिस्त.

घरातलं माणूस गेलं की भेटायला आलेले म्हणतात, "देवाची इच्छा. ते प्रभूजवळ गेलेत, आता रडू नका." हेतू चांगलाच असतो. पण ऐकणाऱ्याच्या मनात भरतं की रडू येतंय म्हणजे आपला विश्वास कच्चा. शास्त्र असं म्हणत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेत, आपण त्याला उठवणार हे येशूला ठाऊक आहे, तरी लाजराची बहीण मरीया हिला रडताना पाहून तोही रडतो. पौलानंही थेस्सलनीकाच्या मंडळीला शोकच करू नका असं लिहिलं नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, एवढंच लिहिलं.

पहिल्या आठवड्यात बहुतेकांची तक्रार एकच असते: प्रार्थनेला बसलं तर शब्द सुचत नाही. मग सुचवत बसू नका, पवित्र शास्त्रातलं तेरावं स्तोत्र उघडा. सहाच वचनं आहेत, मोठ्यानं वाचायला मिनिटभर लागतं. पहिल्या दोन वचनांत 'कुठवर' हा सवाल चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणं आहे, शेवटच्या दोनांत भरवसा. भरवशाची वचनं तोंडातून निघत नसतील तर चौथ्यावर थांबा. उद्या पुन्हा पहिल्यापासून वाचा. देवावर राग आला असेल तर अठ्ठ्याऐंशीवं घ्या. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे. तेविसावं सगळ्यांना पाठ असतं, म्हणून प्रत्येक घरी तेच म्हटलं जातं. पाठ असल्यामुळेच ते कधी कधी नुसतं तोंडानं म्हटलं जातं, आतलं दुःख तसंच राहतं.

आता भेटायला जाणाऱ्यांसाठी. शास्त्रातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. बोलायला लागले आणि घोळ झाला. वीस मिनिटं बसा, गेलेल्याचं नाव घेऊन दोन वाक्यांची प्रार्थना करा आणि उठा. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कुणी सांगत नाही. "गुरुवारी तुमचं रेशन मी आणतो" म्हणा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, सातबारावर वारस लावायला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात. त्यात सोबत गेलात तर घरच्यांना मोठा आधार होतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात माती लवकर द्यावी लागते. पुण्या-मुंबईहून निघालेला मुलगा पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं, आणि तोंड पाहायला मिळालं नाही ही सल वर्षानुवर्षं राहते. अशा वेळी पाळकांना किंवा फादरांना सांगून त्याच्यासोबत पुन्हा कबरीवर जा. एक वाचन, एक प्रार्थना आणि त्याच्या हातानं मूठभर माती. दहा मिनिटांचं काम आहे, पण टाळू नका.

रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, त्या काळापासून मराठवाड्यातल्या कित्येक ख्रिस्ती घरांची भावकी ख्रिस्ती आणि हिंदू अशी दोन्हीकडे आहे. दहाव्यावरून तिसऱ्या दिवशी वाद पेटतो तो आधी बोलणं न झाल्यामुळे. मंडळीत काय होणार, केव्हा होणार, हे मातीच्या दिवशीच सांगून टाका आणि आत्या-मामांनाही काही काम द्या: फुलं, पाणी, जेवण.

एक गोष्ट दबक्या आवाजात विचारली जाते, ती उघड बोलू. कर्जापायी किंवा खचून कुणी स्वतःचा जीव घेतला तर चर्च त्याला माती देईल का? कॅथलिक चर्चच्या 1917 च्या कायद्यात अशा अंत्यविधीला मनाई होती, 1983 च्या कायद्यातून ती काढून टाकली. अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी, ही चर्चची आजची शिकवण आहे. बाकी मंडळ्यांत आपल्या पाळकांना सरळ विचारा. त्या घरावर आधीच अपराधाचं ओझं असतं, त्यात अंदाजाची भर नको.

प्रार्थना चालू असूनही सहा महिन्यांनंतर माणूस रोजच्या कामाला उठतच नसेल, तर ते विश्वासाचं अपयश समजू नका, डॉक्टरांकडे न्या. मरणाचे विचार बोलून दाखवत असेल तर एक दिवसही थांबू नका आणि त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

पहिला नाताळ जड जातो, आणि पहिलं वर्षश्राद्ध म्हणा की स्मरणदिन, तोही. ती तारीख आठवडाभर आधी पाळकांना कळवा, म्हणजे रविवारच्या उपासनेत नाव घेतलं जाईल. कॅथलिक घरांनी 2 नोव्हेंबरच्या, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनाच्या मिस्सासाठी नावं आधीच द्यावीत आणि त्याच सुमारास कबरीवरचं गवतही काढून घ्यावं. पावसाळ्यानंतर ते गुडघाभर वाढलेलं असतं.