खाऱ्या पाण्याचं बिऱ्हाड

(दृश्य : एडिसन, न्यू जर्सी. रिकाम्या घराचं तळघर. छताच्या उघड्या लाकडी तुळयांवर टॉर्चचा उजेड.)

घराच्या किल्ल्या हातात आल्या त्या दिवशी वहिनीने पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घेतली. दादा टेप घेऊन सरळ तळघरात उतरला आणि वरच्या तुळया मोजत बसला. कुठली तुळई कुठून कुठे जाते, दोघींत अंतर किती, बाहेरची भिंत नेमकी कुठे येते.

वर दिवाणखान्यात त्याला खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळ ठेवण्याची टाकी ठेवायची आहे. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. साडेचारशे लिटर पाणी. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड, त्यामुळे नुसतं पाणीच ४६५ किलोंच्या आसपास. रिकामी काच शंभरेक किलो. वर खडक, वाळू, स्टँड, आणि स्टँडच्या पोटात बसणारी दुसरी टाकी, तिला संप म्हणतात. बेरीज पाऊण टनाला टेकते.

इथली घरं लाकडी. दिवाणखान्याची जमीन साधारणपणे दर चौरस फुटाला ४० पौंडांचा भार धरून बांधतात. हा हिशेब माणसांचा, सोफ्याचा, गणपतीला जमलेल्या पाहुण्यांचा. आठ चौरस फुटांवर कायमचा उभा पाऊण टन त्यात कुणी धरलेला नसतो. म्हणून टाकी बाहेरच्या भिंतीलगत आणि तुळयांना आडवी ठेवायची, म्हणजे वजन एकाच तुळईच्या डोक्यावर न बसता तीन-चार जणींत वाटलं जातं. शिवाय सुताराला विचारून खालून दोन लोखंडी टेकू.

"मग तळघरातच ठेव ना, खाली काँक्रीट आहे," वहिनी म्हणाली.

"तळघरात बघायला कोण जाणार?"

टेकूंचे पैसे गेले. विषय मिटला.

(दृश्य : जर्सी सिटी, तिसरा मजला. अर्धी बांधलेली खोकी. भिंतीलगत निळसर उजेडातली जुनी टाकी.)

हे जुनं घर, आणि ही जुनी टाकी. तीन फुटी, दीडशे लिटरची. क्लाउनफिशची जोडी आहे. त्यातली मोठी ती मादी. हे मासे आधी नर असतात, आणि मादी गेली की जोडीतला नर मादी होतो. ती दोघं ज्यात लोळतायत ते समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, बोटांच्या टोकांना फुगे आलेला. उजवीकडे हातोडीच्या आकाराच्या टोकांचं हॅमर कोरल, हे एक दगडी सांगाड्याचं प्रवाळ. खाली खडकावर नाण्याएवढी हिरवी-केशरी फुलं दिसतात, ते झोअँथिड. शिवाय एक कोळंबी, जी माशांच्या अंगावरचे किडे वेचून खाते, आणि गोगलगायींची फौज.

मुंबई-पुण्यातही खाऱ्या पाण्याच्या टाक्या आहेत, क्लाउनफिशही सर्रास दिसतात. पण हे हॅमर कोरल तिकडे ठेवता यायचं नाही. भारतात २००१ साली सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मालवणच्या समुद्रातून पोवळ्याचा तुकडा उचलणं हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच असायला हवा. दादाकडचे तुकडे समुद्रातून आलेले नाहीत, टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे ते फुटवे आहेत.

घर बदलणं आणि टाकी मोठी करणं ही दोन कामं एकत्र काढली की लोक म्हणतात, वेडेपणा. माझं मत उलटं आहे. आहे तीच टाकी हलवायची तर ती सकाळी रिकामी होते आणि संध्याकाळपर्यंत दुसरीकडे भरून चालू व्हावी लागते. मासे तेवढा वेळ बादलीत. मधे ट्रॅफिक लागला, एखादा पाइप गळला की गेलंच. नवी टाकी घ्यायची असेल तर ती नव्या घरात आधीच उभी करता येते, पाणी भरून गळते का ते बघता येतं, तापमान बसवता येतं. हलवायच्या दिवशी फक्त आतली मंडळी न्यायची. अट एकच, दोन्ही घरांच्या किल्ल्या काही आठवडे हातात हव्यात. दादाने जुन्या घराचं भाडं एक महिना जास्त भरलं. वहिनीने त्यावर काही बोलायचं टाळलं, पण चेहरा कॅमेऱ्यात आलाय.

(दृश्य : टाकीचा खालचा भाग, अगदी जवळून. काचेलगत दिसणारे वाळूचे थर.)

आता इथे नीट बघा. वाळू वरून पांढरीशुभ्र. काचेच्या कडेने खाली या. आधी फिकट पिवळी, मग करडी, आणि तळाशी मधेमधे काळपट डाग. वर्षानुवर्षांचं माशांचं खाणं, विष्ठा, मेलेलं शेवाळ तिथे जाऊन बसलंय. प्राणवायू पोचत नाही त्या थरात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास येतो तोच वायू. वाळू हलली नाही तोवर त्रास नाही. ती उपसून नव्या टाकीत ओतली, तर हे सगळं एका दमात पाण्यात.

टाकी हलवताना लोकांचे मासे मरतात, ते बऱ्याचदा या वाळूपायी. वाळू महाग, टाकून देववत नाही. आणि जुनं पाणी? लोक तेही पिंपं भरभरून नेतात, कारण ते 'मुरलेलं' पाणी.

मुरलेलं असतं ते खडकात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया येतो, तो त्यांनाच विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू पाण्यात तरंगत फारसे राहत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. सच्छिद्र खडकाला बाहेरून-आतून मिळून जेवढा पृष्ठभाग, तेवढा टाकीत दुसऱ्या कशालाच नाही. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत छापून मांडली : समुद्रातला जिवंत खडक, खरी वाळू, हवेचे बुडबुडे, बस्स. आजची प्रत्येक रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची टाकी, थोडीफार त्याच वाटेने चालते.

म्हणजे खडक हे विरजण. ते ओलं आणि जिवंत पोचलं, तर नवं पाणी, नवी वाळू, नवी काच सगळं चालतं. जुन्या वाळूतली वरची वाटीभर दादाने वेगळी काढलीय, तिच्यातल्या बारीक किड्यांसाठी. बाकीची कचऱ्यात.

(दृश्य : एडिसनचं घर. सिंकखाली तीन नळकांडी, बारीक नळीतून पिंपात पडणारं पाणी.)

नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, वर नायट्रेट, फॉस्फेट, कधी तांबं. माणसाला चालतं, प्रवाळाला नाही. म्हणून आरओ, आणि आरओनंतर आणखी एक रेझिनची नळी, पाण्यात विरघळलेलं मोजणाऱ्या मीटरवर शून्य दिसेपर्यंत. यंत्रावर दिवसाला २८० लिटर असं छापलेलं असतं. पाणी गार असलं की प्रत्यक्षात कमीच पडतं, आणि एका लिटरमागे तीन-चार लिटर मोरीत जातं. टाकी आणि संप मिळून पाचशे लिटरांसाठी हे रात्रंदिवस चालू होतं.

मग मीठ. एका लिटरला साधारण ३६ ग्रॅम, म्हणजे एकूण अठरा किलो. ते पिंपातच मिसळायचं. पंप लावून रात्रभर घुसळायचं, सकाळी खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकायचा आणि डोळ्याला लावायचा. निळी-पांढरी रेघ ३५ वर आली की पाणी टाकीत.

(दृश्य : जर्सी सिटी. ऑक्टोबरची सकाळ. झाकणाच्या बादल्या, थर्माकोलचे खोके, बॅटरीवरचे हवेचे पंप.)

क्रम ठरलेला आहे. आधी प्रवाळ, मग खडक, शेवटी मासे. माशांना आधी पकडायला गेलं तर ते खडकांत शिरतात आणि दिवस तिथेच संपतो.

हॅमर कोरल फुगलेलं असताना पाण्याबाहेर काढायचं नसतं. त्याचं मांस पाण्याने भरलेलं, खालचा सांगाडा धारदार. स्वतःच्या वजनाने ते त्या कडांवर फाटतं. दादाचा हात बघा. पाण्यातच तो त्याला हलके हलके हलवतोय. एकेक टोक आत जातंय, हिरवा गुच्छ आटतोय, आता नुसता पांढरा सांगाडा आणि त्याच्या तोंडाशी थोडा गर. आता डबा आत बुडवायचा, आणि पाण्यासकट वर.

झोअँथिडच्या खडकाला मात्र चष्मा आणि हातमोजे. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी एक. असे खडक घासल्यामुळे किंवा उकळल्यामुळे घरातली सगळी माणसं हॉस्पिटलात गेल्याच्या घटना अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये घडल्यात. दादा त्याला घासत नाही, खरवडत नाही, उचलून सरळ बादलीत ठेवतो.

समुद्रफुलाचा पाय खडकाच्या फटीत आत रुतलेला. तो ओढून सोडवायला गेलं तर फाटेल, म्हणून अख्खा खडकच उचलला. फूल आकसून मुठीएवढं झालं. मादी क्लाउनफिश शेवटपर्यंत दादाच्या मनगटाला टोचत राहिली.

खडक निघाले तशी आतली मंडळी बाहेर पडायला लागली. हे लांब, केसाळ, गुलाबी दिसतंय ते ब्रिसलवर्म, एक समुद्री किडा. हात लावला की काचेसारखे केस बोटांत शिरतात. वहिनी इथे खोलीबाहेर गेली.

पाणी वीतभर उरलं तेव्हा मासे. जाळी न वापरता प्लास्टिकच्या डब्याने, कारण जाळीत कल्ले आणि पर अडकतात. नर सहज आला. मादीने दादाला अर्धा तास फिरवलं.

(दृश्य : व्हॅनच्या आत. बादल्यांवर ब्लँकेट. हवेच्या पंपांची घरघर.)

रस्ता तासाभराचा. हीटर चालू, खिडक्या बंद, प्रत्येक बादलीत बुडबुडे. कुरिअरने आलेले मासे पिशवीत बंद असतात. तिथे कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, आणि अमोनिया कमी विषारी राहतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया उलटतो. म्हणून दुकानदार म्हणतात, पिशवी उघडल्यावर रेंगाळू नका. इथे बादल्या हवेशीर आणि प्रवास छोटा, तो प्रश्न नव्हता.

एडिसनला पोचल्यावर आधी खडक. वाळू मधे बाजूला सारून दादाने ते थेट तळावर टेकवले, म्हणजे कुणी खाली बीळ केलं तरी रास ढासळणार नाही. दीडशे लिटरचे खडक साडेचारशेत अगदीच केविलवाणे दिसतात. शेजारी दोन कोरडे नवे खडक ठेवले. जिवाणू त्यांच्यावरही पसरतील, सावकाश. पाण्याचं तापमान दोन्हीकडे सारखं, खारेपणा सारखा, त्यामुळे मासे फार वेळ ताटकळले नाहीत.

लाटा करणाऱ्या पंपांवर ही काळी जाळी आहे. नव्या जागी समुद्रफूल चालायला लागतं आणि उघड्या पंपात सापडलं तर त्याचा चुरा होतो. मग टाकीतलं बाकीचंही जगत नाही. रात्रीत ते खडकाच्या मागे गेलं. दुसऱ्या दिवशी डावीकडे. मासे त्याच्यामागे.

दिवे नवे आणि जोरदार, पण चाळीस टक्क्यांवरच. प्रवाळाच्या पेशींत शैवाल राहतं आणि बरंचसं अन्न तेच पुरवतं. एकदम प्रखर उजेड पडला की प्रवाळ त्याला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. दर आठवड्याला पाच-पाच टक्के वाढवायचं.

अमोनियाची चाचणी रोज. नळीतलं पाणी पिवळंच राहिलं, हिरवट झालं नाही. नव्या वाळूवर मात्र तपकिरी साय आली. ती डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाची, नव्या टाकीत येतेच. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी वहिनीने ती पुसून काढायला सांगितली. दादाने गोगलगायींकडे बोट दाखवलं.

चार फुटी टाकी घेण्याचं खरं कारण अजून आलेलं नाही. ते म्हणजे हवाईचा पिवळा टँग मासा, ज्याला लहान टाकीत कोंडणं बरोबर नाही. शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे चाकूसारखा काटा, दिवसभर खडकावरचं शेवाळ खुडणारा. २०१५ साली ओआहू बेटावरच्या ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये तो पहिल्यांदा पिलापासून वाढवला गेला, त्यामुळे समुद्रातून न पकडलेला टँग आता विकत मिळतो. पण टँगला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पटकन होतो. त्यावर तांब्याचं औषध चालतं, आणि तेच तांबं प्रवाळाला आणि कोळंबीला मारतं. तेव्हा तो आला की आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत राहणार.

ती वेगळी टाकी तळघरात आहे, लोखंडी टेकूंच्या मधे. तीन फुटी, दीडशे लिटरची, घासूनपुसून. वहिनीला सांगितलं होतं, ती विकून टाकली.