ग्रहणाचा डाग

श्रोतेहो, नमस्कार. आज त्वचेवरचे डाग आणि त्यांचे उपचार. पण आधी काटोलकडून आलेल्या एका सासू-सुनेबद्दल सांगतो.

सुनेच्या मांडीवर तान्हं बाळ. त्याच्या कमरेवर निळसर-करडे डाग, मुका मार लागल्यासारखे. सासूबाई म्हणाल्या, "ग्रहणात हिनं वांगं चिरलं जी, डॉक्टर. किती सांगतलं होतं!" सून मान खाली घालून बसलेली. बाळ झाल्यापासून ती हेच ऐकत होती. मी म्हटलं, आजी, रंग देणाऱ्या पेशी बाळ पोटात असतानाच त्वचेच्या वरच्या थरात येतात. काही खोलवर राहून गेल्या, की वरून निळं दिसतं. आपल्याकडे कितीतरी बाळांना असतं. आजी जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "याच्या बापाले बी होता असाच. मले बी माह्या सासूनं ग्रहणाचंच म्हटलं होतं." तेव्हा कुठे सुनेनं मान वर केली. "मग तो कुठं गेला, आई?" "गेला ना आपोआप. शाळेत जायच्या आधीच."

म्हणून पुन्हा सांगतो, ग्रहणात चिरल्यानं, शिवल्यानं डाग पडत नाही. आणि या निळ्या डागाला मलम नको, लेझरही नको.

लाल डागाचं मात्र तसं नाही. चेहऱ्याच्या एका बाजूला जन्मतःच सपाट, लालसर डाग असेल तर तो सहसा जात नाही, वयाबरोबर गडद होतो. त्याला पल्स्ड डाय लेझर, तेही बऱ्याच बैठकांत. जन्मानंतर वाढणारी लाल गाठ पुढे बहुधा आक्रसते. पण ती डोळ्याजवळ असेल तर वाट पाहू नका, पोटातून द्यायचं औषध आहे.

आता वांग, म्हणजे चेहऱ्यावरचे तपकिरी डाग. गरोदरपण आणि ऊन, ही त्याची मोठी कारणं. पंचेचाळीस अंशांच्या नागपुरात दुपट्टा बांधता ते उत्तमच, सोबत निदान ३० एसपीएफचं सनस्क्रीन लावा, दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. (रस्ते रुंद करताना आपण कडुलिंब तोडले, तेही मला सलतं. झाडाची सावली फुकट होती.) आणि दुकानातून आणलेलं गोरं करणारं मलम नको. त्यात स्टेरॉइड असेल तर त्वचा पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर लव वाढते. पुन्हा सांगतो, चिठ्ठीशिवाय मलम नको.

नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे. जाताना बाळाच्या डागाचे आधीचे फोटो सोबत ठेवा. डाग वाढतोय की नाही, ते त्यावरून लगेच कळतं.