शेवटचं नाव कुणाचं?

श्रोतेहो, नमस्कार.

वैद्यकीय नियतकालिकातला शोधनिबंध हाती आला, की आपण मथळा वाचतो आणि फार तर निष्कर्ष. आज मथळ्याखालच्या नावांच्या ओळीवर थांबू या. कधी तिथं तीन नावं असतात, कधी तीस. गणितात ही यादी बहुधा अकारविल्हे लावतात. वैद्यकात मात्र जागेला मोल असतं. पहिलं नाव सहसा ज्यानं राबून काम केलं त्याचं. शेवटचं नाव ज्येष्ठाचं, म्हणजे ज्यानं निधी आणला आणि माणसं जमवली, त्याचं.

बघा, मीसुद्धा ‘ज्यानं’, ‘त्याचं’ असंच बोलत गेले. सवयीनं तोंडात आलं. पण आकडेही त्याच व्याकरणाचे आहेत.

अमेरिकेतल्या डॉक्टर-संशोधकांची एक मोजदाद २००६ साली प्रसिद्ध झाली. सहा नामांकित नियतकालिकं तपासली होती. पहिलं नाव स्त्रीचं असण्याचं प्रमाण १९७० मध्ये ५.९ टक्के होतं, ते २००४ मध्ये २९.३ झालं. शेवटच्या नावाचं प्रमाण ३.७ वरून १९.३ टक्क्यांवर गेलं. वाढ मोठी आहे, ती नाकारायची नाही. तरी चौतीस वर्षांनंतरही त्या मानाच्या जागेवर पाचांत एकही बाई पुरती भरत नव्हती.

‘थोडं थांबा, आजच्या पहिल्या लेखिका उद्या शेवटच्या होतील,’ असं यावर म्हणतात. अर्धं खरं आहे. पण शेवटची जागा नुसत्या वयानं मिळत नाही, तिला गोतावळा लागतो. दुर्मीळ आजाराचं उदाहरण घ्या. एका रुग्णालयात त्याचे पाच रुग्ण सापडतात. पाचांवर काही सिद्ध होत नाही, म्हणून चार-सहा रुग्णालयं एकत्र येतात. मग फोन कुणाला जातो? ज्याचं नाव चटकन आठवतं त्याला. ते नाव परिषदेतल्या चहाच्या वेळी किंवा रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर लक्षात राहिलेलं असतं. जिला सत्र संपताच घर गाठायचं असतं, ती त्या टेबलावर नसते. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरला रुग्ण आणि शिकवणं उरकल्यावर उरलेल्या वेळात संशोधन करावं लागतं. हा उरलेला वेळ प्रत्येकाच्या वाट्याला सारखा येत नाही.

‘बायका फारशा मिसळत नाहीत हो,’ हे तर फारच ऐकलं. त्याला उत्तर देणारा एक अभ्यास २०१६ मध्ये आला. तो डॉक्टरांचा नव्हता, रसायनशास्त्रापासून मानसशास्त्रापर्यंतच्या सहा शाखांतल्या प्राध्यापकांचा होता. तिथं स्त्रियांचे एकूण सहलेखक कमी निघाले खरे. पण निबंधांची संख्या आणि कारकिर्दीची वर्षं हिशेबात धरताच तो फरक उरला नाही. एक फरक मात्र टिकला: त्याच सहलेखकाबरोबर पुन्हा काम करण्याचं प्रमाण स्त्रियांमध्ये कमी होतं.

मला हा आकडा जास्त बोलका वाटतो. पहिल्या कामात तुम्ही माहिती गोळा करून देता, दुसऱ्यात प्रश्न तुम्ही मांडता, तिसऱ्यात लोक तुमच्या हाताखाली काम करायला येतात. दरवेळी नव्या माणसांत पहिल्यापासून ओळख करून द्यायची असेल, तर तिसरी पायरी येणार कधी? हे माझं अनुमान, अभ्यासाचं नव्हे.

लेखक कुणाला म्हणायचं, याचे निकष वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं घालून दिले आहेत. कामात भरीव वाटा हवा, लेखनात सहभाग हवा, अंतिम मसुद्याला मान्यता हवी आणि उत्तरदायित्व घ्यायची तयारी हवी. नावांचा क्रम मात्र ही समिती ठरवत नाही. तो लेखकांनीच आपसांत ठरवायचा असतो. म्हणजे कुठल्या तरी बैठकीत ते बोलणं होतं. पहिला रुग्ण नोंदवण्याआधी होतं, की निबंध लिहून झाल्यावर? आणि ती बैठक संध्याकाळी किती वाजता ठेवलेली असते?

नमस्कार.